कमरेला पिस्तुल लावण्याआधी

पिस्तुल जितकं लहान, तितकं ते नीट चालवणं अवघड. दुकानाच्या काउंटरवर तीन-चार शस्त्रं मांडली की बहुतेकांचा हात आपसूक सगळ्यांत छोट्या आणि हलक्या शस्त्राकडे जातो. पुढच्या निम्म्या अडचणींचं मूळ तिथेच असतं.

रहिमतपूर, कोरेगाव, विटा, तासगाव या पट्ट्यात स्वसंरक्षणाचा परवाना घेणारी माणसं थोडीच असतात. त्यांत सराफ असतात, आलं, हळद आणि घेवड्याची खरेदी करणारे व्यापारी असतात. पट्टीचे पैसे घेऊन त्यांना रात्री-अपरात्री मोटारसायकलवरून परतावं लागतं. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवालेही असतात. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगले आहेत आणि जत्रेला, लग्नसराईला गावी येतात. या माणसांना शस्त्र दिसू न देता, कपड्याआड बाळगायचं असतं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. घरात शस्त्र आलं की ते एकट्या परवानाधारकाचं राहत नाही. त्याची जबाबदारी सगळ्या घरावर येते.

सुरुवात कागदपत्रांपासून करू, कारण कुठलं शस्त्र घ्यायचं हे आपल्याकडे बरंचसं कागदच ठरवतो. भारतात शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक्क मानलेला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ती सरकारने दिलेली परवानगी आहे आणि ती मागताना गरज दाखवावी लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. रहिमतपूरकरांसाठी म्हणजे साताऱ्याला. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हे काम पोलीस आयुक्तांकडे असतं. तिथून अर्ज चौकशीसाठी पोलिसांकडे येतो. रहिमतपूर पोलीस ठाण्यातून तुमची वागणूक, शेजाऱ्यांशी असलेले वाद, आधीचे गुन्हे आणि धमकी किंवा धोका खरोखर आहे का, याचा अहवाल जातो. शस्त्र नियम २०१६ आल्यापासून शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र यांचीही भर पडली आहे. प्रशिक्षणाचा दाखला बरेच जण ओळखीपाळखीने उरकायला बघतात. माझ्या मते सगळ्या फायलीत तोच एक कागद असा आहे, जो तुमचा किंवा तुमच्या मुलाचा जीव वाचवू शकतो. तो मनापासून शिकून घ्यावा.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याबाबत दोन बदल झाले. पूर्वी एका परवानाधारकाला तीन शस्त्रं ठेवता येत, ती मर्यादा दोनवर आली, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. परवान्यावर तो कुठपर्यंत चालतो हेही लिहिलेलं असतं. कुणाचा जिल्ह्यापुरता असतो, कुणाचा राज्यापुरता, तर कुणाचा देशभर. गलाईवाल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या हद्दीपुरता परवाना घेऊन तमिळनाडूपर्यंत पिस्तुल नेलं, तर तिथे ते विनापरवानाच ठरतं. आणि विनापरवाना शस्त्राची शिक्षा आता किमान दोन वर्षांची आहे, पाच वर्षांपर्यंत जाते. गावठी कट्ट्याचा विचार डोक्यात येत असेल तर तो तिथेच सोडावा. तुरुंगाची भीती आहेच, शिवाय भलत्याच लोखंडाची नळी कधी हातात फुटेल याचा नेम नसतो.

आता शस्त्राकडे वळू. अमेरिकेत राहणाऱ्या भावाने पाठवलेले व्हिडिओ पाहून अनेकांच्या डोक्यात ग्लॉक किंवा सिग पी-३६५ बसलेलं असतं. कपड्याआड बाळगायला ती उत्तम पिस्तुलं आहेत, पण ९ मिलिमीटरची आहेत, आणि ९ मिलिमीटर हा आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं निषिद्ध माप आहे. सैन्य आणि पोलीस वापरतात ते बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर येतं ते मुख्यतः पॉइंट बत्तीस, काही वेळा पॉइंट बावीस. परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे जुनी वॉल्थर किंवा वेब्ली हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती अवाच्या सव्वा झाल्या आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची स्प्रिंग आणि झिजलेली नळी एवढ्या पैशांत घेण्यात मला शहाणपणा दिसत नाही. नाव मोठं असेल, पण अशा शस्त्राचा सुटा भाग मोडला तर तो मिळायचा कुठून?

उरतात ती देशी शस्त्रं. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर अनेक वर्षं विकलं जातं. कानपूरहूनच जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं हे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचं, आणि बाजारात आलं तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आलं. त्याचं वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटरची, आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. आधीची कानपुरी रिव्हॉल्व्हरं जुन्या वेब्लीच्या पद्धतीने मधोमध मोडून उघडतात. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ हे पॉइंट बत्तीसचं मॅगझिनवालं पिस्तुल. अलीकडे उत्तर प्रदेशात हरदोईजवळ वेब्लीच्या नावाने खासगी कारखानाही निघाला आहे. म्हणजे निवड मोजक्याच शस्त्रांतून करायची आहे, आणि म्हणूनच ती नीट करता येते.

पहिला प्रश्न रिव्हॉल्व्हर की पिस्तुल? रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसं गोल सिलिंडरमध्ये बसतात. चाप ओढला की सिलिंडर फिरतं, घोडा मागे जातो आणि सुटतो. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. बाकी काही करावं लागत नाही. उघडून पाहिलं की भरलेलं आहे की रिकामं ते एका नजरेत कळतं. उणी बाजू अशी, की सिलिंडरमुळे ते मधे जाड असतं आणि शर्टाआडून उठून दिसतं. शिवाय घोडा आधी न चढवता चाप ओढायचा तर बोटाला साधारण ४ ते ६ किलोचा जोर लावावा लागतो, आणि तेवढ्या जोरात नळी हलते.

पिस्तुल चपटं असतं. कमरेला अंगालगत बसतं, चाप बहुधा हलका असतो. पण त्यात गोष्टी जास्त: मॅगझिन, सेफ्टी, स्लाइड म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, आणि नळीत काडतूस आहे की नाही हे बाहेरून सहज न दिसणं. पॉइंट बत्तीसची पिस्तुलं बहुतेक साध्या बांधणीची असतात. गोळी सुटताना स्लाइडला मागे जाण्यापासून रोखून धरणारी वेगळी कळ त्यांत नसते. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण यांवरच सगळी भिस्त असते. म्हणून स्प्रिंग कडक असते. वयस्कर माणसाला, संधिवाताच्या बोटांना ती स्लाइड मागे ओढणं जड जातं. दुकानात रिकामं पिस्तुल हातात घेऊन पाच वेळा स्लाइड ओढून पाहा. पाचव्या वेळी हात थरथरत असेल तर ते पिस्तुल तुमच्यासाठी नाही. एक युक्ती मात्र उपयोगी पडते. डाव्या हाताने स्लाइड ओढत बसण्यापेक्षा ती घट्ट धरून ठेवावी आणि कोपर अंगालगत ठेवून उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. अंगाची सगळी ताकद कामी येते. फक्त नळी या सगळ्यात आडवी फिरून कुणाच्या अंगावर जाता कामा नये.

एकटा राहणारा, हातात फारसं बळ नसलेला आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच सराव करू शकणारा माणूस मला विचारेल तर मी रिव्हॉल्व्हर सांगेन. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी रेंजवर जाईन असं खात्रीने म्हणणाऱ्याने पिस्तुलाचा विचार करावा.

आता छोट्या शस्त्राची अडचण. गणित साधं आहे. पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर १० सेंटिमीटर असेल आणि नेम धरताना पुढची साईट एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते. साईटमधलं अंतर १८ सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच चुकीला गोळी साडेपाच सेंटिमीटर चुकते. हाताची थरथर दोन्हीकडे सारखीच, पण लहान पिस्तुल तिची दुपटीच्या जवळ शिक्षा करतं. दुसरं गणित धक्क्याचं. त्याच काडतुसाला ५०० ग्रॅमचं शस्त्र ७०० ग्रॅमच्या शस्त्रापेक्षा सुमारे १.४ पट वेगाने मागे येतं. पॉइंट बत्तीसचा धक्का तसा फार नाही, त्यामुळे हे सोसवत नाही असं होत नाही. पण दुसरी गोळी झाडण्याआधी नळी पुन्हा जागेवर आणायला वेळ लागतो, आणि नवशिक्याला पहिल्या गोळीनंतर दचकायची सवय लागते. ती सवय मोडायला फार कष्ट पडतात.

तिसरी गोष्ट मूठ. शस्त्र उंच धरावं. अंगठा आणि तर्जनी यांमधली खाच मुठीच्या जितकी वर बसेल तितकं बरं, मात्र स्लाइड मागे येते त्या वाटेत कातडी येता कामा नये. छोट्या पिस्तुलांवर करंगळीला जागा उरत नाही. ती मुठीखाली लोंबते, आणि पकड घट्ट ठेवण्यात करंगळीचा वाटा मोठा असल्यामुळे पिस्तुल हातात फिरतं. नांगर-खुरपं चालवलेल्या रुंद तळव्यांना हे विशेष जाणवतं. तर्जनीचं पहिलं पेर, बोटाच्या टोकाचा मऊ भाग, चापावर सपाट टेकला पाहिजे. बोट पहिल्या सांध्यापर्यंत आत जात असेल तर शस्त्र हाताला लहान आहे. बोट नुसतं टेकायलाच ताणावं लागत असेल तर मोठं आहे. हे सगळं दुकानातच कळतं, फक्त दुकानदार घाई करत असला तरी आपण करायची नाही.

काडतुसांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. परवान्यावर ‘०.३२ बोअर’ एवढंच लिहिलेलं असलं तरी पिस्तुलाचं पॉइंट बत्तीस आणि रिव्हॉल्व्हरचं पॉइंट बत्तीस ही वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं काडतूस आखूड. जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्याच्या पिस्तुलासाठी ते आखलं. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि रुंद कडेचं. खरेदी करताना बोअरसोबत शस्त्राचा प्रकारही सांगावा, आणि घरी दोन्ही शस्त्रं असतील तर डबे कधी एकत्र ठेवू नयेत. आपल्याकडे ही काडतुसं पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. हा कारखाना १८६९ पासूनचा. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात ती त्याचीच.

पिस्तुलाच्या काडतुसाची एक खोड आहे. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक चढतात तेव्हा वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. मागे राहिली, तर वरचं काडतूस पुढे सरकताना तिला अडकतं आणि पिस्तुल जागच्या जागी ठप्प होतं. म्हणून मॅगझिन भरताना काडतूस वरून दाबून सोडून देऊ नये. पुढून मागे सरकवत आत न्यावं, अंगठ्याने खालचं किंचित दाबावं, आणि प्रत्येक काडतुसानंतर बुडं पाहावीत. भरून झालं की मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटावी म्हणजे सगळी काडतुसं मागे नीट बसतात. एवढं करायला एक मिनिट लागतं, आणि पॉइंट बत्तीसच्या पिस्तुलाची निम्मी बदनामी ही या एका मिनिटाच्या आळसाची आहे.

ताकदीबद्दलही स्पष्ट असावं. पिस्तुलाच्या पॉइंट बत्तीसची गोळी सुमारे साडेचार ग्रॅमची. तिची ऊर्जा ९ मिलिमीटरच्या गोळीच्या साधारण एक तृतीयांश भरते. सिनेमात दिसतं तसं माणूस उडून पडत नाही. म्हणजे गोळी कुठे लागते यालाच सारं महत्त्व, आणि ते पुन्हा सरावावर येऊन थांबतं. पण ही गोळी निरुपद्रवी समजणं जास्त धोक्याचं. मोकळ्या रानात ती किलोमीटरभर पलीकडेही जाऊ शकते. स्वसंरक्षणाचा परवाना म्हणजे उसाच्या फडात नेम धरायची मुभा नव्हे. फडात ऊसतोडीची टोळी कधी कुठे असेल हे मालकालाही नेमकं ठाऊक नसतं. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

सराव करायचा कुठे? खरी गोळी झाडायला रीतसर रेंजच हवी. आपल्या भागाला नेमबाजीची परंपरा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. कोल्हापुरात आणि पुण्याच्या बालेवाडीला नेमबाजी शिकवणारे प्रशिक्षक मिळतात. तिथलं पिस्तुल वेगळं, पॉइंट बावीसचं किंवा हवेवर चालणारं, पण चाप ओढणं, श्वास आणि नजर यांचं शिक्षण तेच असतं. माझा सल्ला असा, की परवान्याचा अर्ज चौकशीत असतानाच दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचा क्लास लावावा. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरचं आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीचं एअर पिस्तुल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. छर्रे स्वस्त असतात, काडतुसाच्या एका डब्याच्या पैशांत महिनोन्‌महिने सराव होतो.

बाकीचा सराव घरी, रिकाम्या शस्त्राने. आणि शस्त्र रिकामं करण्याचा क्रम हा या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. आधी मॅगझिन काढायचं, मगच स्लाइड मागे ओढायची. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढून नळीतलं काडतूस बाहेर टाकलं आणि मॅगझिन आतच राहिलं, तर स्लाइड पुढे येताना वरचं नवं काडतूस नळीत घेऊन येते. मग मॅगझिन काढून माणूस म्हणतो, रिकामं झालं. पण नळीत एक काडतूस बसलेलं असतंच. ‘रिकामं होतं’ म्हणून झालेले बरेच अपघात या एका चुकीतून होतात. म्हणून मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे आणि तशीच धरलेली, मग नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपायचं. अंधारात लाइट गेली असताना डोळे फसवतात, बोट फसवत नाही. काडतुसं आणि भरलेलं मॅगझिन दुसऱ्या खोलीत, कुलुपात. मग पुन्हा एकदा तपासायचं.

सरावासाठी भिंत निवडावी ती दगडी किंवा जाड विटांची, जिच्यापलीकडे कुणी राहत नाही. रंगीत प्लास्टिकची बनावट काडतुसं मिळाली तर नळीत ती घालावीत, म्हणजे आतल्या पिनला मार बसत नाही. पण ती खऱ्यासारखी दिसणारी नसावीत. पुढच्या साईटमागे नळीवर एक रुपयाचं नाणं आडवं ठेवावं आणि ते न पडता चाप शेवटपर्यंत ओढावा. सुरुवातीला नाणं हमखास पडतं. उजव्या हाताच्या माणसाची नळी बहुधा डावीकडे सरकते, कारण चाप ओढताना सगळी मूठच आवळली जाते. बाकीची बोटं स्थिर ठेवून फक्त तर्जनी सरळ मागे आणायला शिकायचं. घोडा पडल्यावरही नाणं जागेवर राहू लागलं की चाप कळला. दिवसाला दहा मिनिटं पुरेत, त्याहून जास्त केलं की लक्ष उडतं. सराव संपला की शस्त्र लगेच आवरून ठेवायचं. पुन्हा भरल्यावर ‘एकदाच अजून’ म्हणून चाप ओढणारी माणसं घरातला टीव्ही फोडतात किंवा त्याहून वाईट काही करतात.

आणि या सगळ्यावर चार नियम, जे जगभर नेमबाज पाळतात. प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजा. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधी वळवू नका. नेम धरून झाडायचं नक्की होईपर्यंत बोट चापाबाहेर, वरच्या सरळ कडेवर ठेवा. आणि लक्ष्य कोण आहे, त्याच्या मागे काय आहे, ते पाहा. एक मोडला तरी बाकीचे तीन बहुधा सांभाळून घेतात. दोन एकदम मोडले की माणूस मरतो.

आता बाळगण्याचं. शस्त्र नियम २०१६ स्पष्ट सांगतात: सार्वजनिक ठिकाणी छोटं शस्त्र न्यायचं तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं, आणि तुमच्या ताब्यात. आमच्याकडे खरी अडचण इथे येते. अमेरिकी सल्ले गृहीत धरतात की तुम्ही जीन्स आणि कडक पट्टा घालता. रहिमतपूरचा व्यापारी नेहरू शर्ट आणि पायजम्यात असतो. पायजम्याची नाडी ७०० ग्रॅमचं वजन पेलत नाही. दोन पावलांत ते खाली सरकतं आणि माणूस दर मिनिटाला कंबर सावरतो. जो सारखा एकाच जागी हात लावतो, त्याच्याकडे काय आहे हे चोराला सांगावं लागत नाही. नेहरू शर्टाच्या बाजूच्या खोल खिशात नुसतं पिस्तुल टाकणं तर सरळ चुकीचं आहे. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, सुट्टे पैसे चापापर्यंत पोचतात आणि कायद्यातही ते बसत नाही.

दोन वाटा चालतात. एक, शर्टाआत घालायचा रुंद, कडक चामड्याचा किंवा जाड पट्टीचा वेगळा पट्टा, त्यावर होल्स्टर. पट्टा पोटावर बसला पाहिजे, नाडीवर नाही. दुसरी, अंगासमोर आडवी घेता येणारी पिशवी, ज्यात शस्त्रासाठी वेगळा, होल्स्टर शिवलेला कप्पा आहे. तिच्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही. पिशवी मोटारसायकलच्या हुकाला, दुकानातल्या खुर्चीला, एसटीच्या वरच्या फळीवर कधी ठेवायची नाही. हे ज्याला पाळवणार नाही त्याने पिशवीची वाट धरू नये. मला पट्टा बरा वाटतो, कारण तो विसरता येत नाही.

होल्स्टर चापाची जागा पूर्ण झाकणारं, कडक, आणि शस्त्र काढल्यावरही तोंड उघडं राहणारं असावं. मऊ, जुनं चामडं घामाने नरम होतं, त्याची कड आत दुमडते आणि पिस्तुल परत घालताना ती कडच चाप दाबते. म्हणून परत घालताना घाई नको, बोट बाहेर, नजर होल्स्टरवर. स्थानिक चर्मकार चांगलं होल्स्टर शिवून देऊ शकतो, फक्त त्याला रिकामं, तपासलेलं शस्त्रच द्यावं, काडतुसं घरी ठेवून.

सवय लावताना रिकामं शस्त्र घेऊन घरातच वावरावं. मोटारसायकलवर पुढे वाकलं की शर्ट मागून वर चढतो. पंगतीत मांडी घालून बसलं की मूठ बरगडीत घुसते. देवळात वाकून नमस्कार करताना ते दिसतं. वाढप्याने हात टाकला, लहान मुलाने मिठी मारली, तर काय? हे सगळं आधी घरी करून पाहिलं की होल्स्टरची जागा आपोआप ठरते. उजवा हात असेल तर बहुतेकांना कमरेच्या उजव्या हाडाच्या किंचित मागे सोयीचं पडतं.

नळीत काडतूस ठेवून बाळगायचं की रिकामी नळी ठेवून? जुन्या आखणीच्या पिस्तुलात पडल्यावर पिन अडवणारी सोय नसते. पुस्तिकेत ती आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नळी रिकामी ठेवावी. वेळ दोन सेकंदांनी वाढेल, पण रोज घडणारी गोष्ट म्हणजे पिस्तुल पडणं, हल्ला होणं नव्हे. दारू घेतली असेल त्या रात्री शस्त्र कुलुपातच राहावं, याला अपवाद करू नये.

काढायचं कधी, हेही डोक्यात पक्कं हवं. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, १ जुलै २०२४ पासून ती लागू आहेत. कलम ३७ सांगतं, की पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. जीव घेण्याइतपत हक्क कलम ३८ मध्ये आहे: जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी. मालमत्तेसाठी कलम ४१, त्यात जबरी चोरी आणि रात्रीची घरफोडी येते. पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणं यात बसवणं फार कठीण. बांधावरच्या भांडणात, भाऊबंदकीत, गाडीला गाडी घासली म्हणून कमरेकडे हात गेला तर परवाना जाईल आणि गुन्हाही दाखल होईल. पैशांची पिशवी देऊन जीव वाचत असेल तर पिशवी द्यावी.

देखभालीचंही थोडं सांगतो. मार्च ते मे घामाने आणि जूनपासून दमट हवेने लोखंडावर तांबडे ठिपके येतात. रोज बाळगणाऱ्याने आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. तेल जास्त नको, ते काडतुसाच्या बुडातल्या मसाल्यापर्यंत पोचलं तर काडतूस निकामी होतं. रोज कमरेला फिरलेली काडतुसं रेंजवर झाडून संपवावीत आणि नवी घ्यावीत.

निवडणुका लागल्या की शस्त्र ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो. पावती घ्यावी, तिच्यावर क्रमांक बरोबर आहे का पाहावं. परत मिळाल्यावर बाळगायला सुरुवात करण्याआधी पूर्ण उघडून साफ करावं, गंज पाहावा आणि रेंजवर थोडी काडतुसं झाडून खात्री करावी, कारण ते महिना-दोन महिने कुठल्या कपाटात होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी आणि मुदत संपायच्या आत अर्ज करावा. मुदत संपलेला परवाना आणि घरात पिस्तुल, ही स्थिती एक दिवसाचीही नको.

हात कापू लागले, डोळ्यांना पुढची साईट दिसेनाशी झाली, किंवा ज्या कारणासाठी परवाना घेतला तो धंदाच मुलाने बंद केला, तर शस्त्र ठेवण्यात अर्थ नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानगीने ते परवानाधारक दुकानदाराकडे विक्रीला देता येतं आणि परवान्यावरून त्याची नोंद काढून घेता येते. परवानाधारक वारला तर घरच्यांनी ते कपाटात ठेवू नये. लगेच ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी, मग वारसाने आपल्या नावावर अर्ज करायचा की नाही ते सावकाश ठरवावं.